खोल समुद्रातला रोजचा प्रवासी : कंदीलमासा

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर यांपैकी कोणत्याही स्थानकावर सकाळी उभे राहिलात, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. हजारो माणसे डबे आणि पिशव्या घेऊन मुंबईच्या गाड्या पकडत असतात. संध्याकाळी तीच माणसे परत येतात. काम एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या ठिकाणी, म्हणून ही रोजची येजा करावी लागते. बदलापूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर आहे. एवढा प्रवास दररोज दोनदा करणारा माणूस थकून जातो, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल.

आपल्या अरबी समुद्रातही असे प्रवासी आहेत. त्यांची संख्या आपल्या गाड्यांतील प्रवाशांच्या कितीतरी पट आहे. ते मात्र आडवे न जाता उभा प्रवास करतात : संध्याकाळी खोल पाण्यातून वर येतात आणि पहाट होण्यापूर्वी खाली जातात. हा प्रवासी म्हणजे बोटाएवढा एक मासा. इंग्रजी नावाचा अर्थ घेऊन आपण त्याला कंदीलमासा म्हणू.

कंदीलमाशांच्या कुलात सुमारे २५० जाती आहेत. त्यांतली बरीचशी १५ सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. अरबी समुद्राच्या उत्तर भागात विपुल सापडणारी एक जात म्हणजे बेंथोसेमा टेरोटम. ती जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटर लांब असते. या लेखात मुख्यतः तिचीच ओळख करून घेऊ.

हा मासा आपल्या बाजारात का दिसत नाही?

उल्हासनगरच्या मासळीबाजारात बोंबील, मांदेली, ढोमा, सुरमई दिसतात. कंदीलमासा दिसत नाही. याचे कारण समुद्राच्या तळाच्या उतारात आहे. मुंबईसमोरचा समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे. 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तरी तेथे समुद्राची खोली फक्त ७५ मीटरच्या आसपास भरते. या उथळ पट्ट्याला सागरमग्न खंडभूमी म्हणतात. मुंबईसमोर तिची रुंदी सुमारे ३०० किलोमीटर आहे. तिची कड ओलांडली की तळ एकदम खोल जातो. कंदीलमाशांचे राज्य त्या बाजूला सुरू होते. एवढ्या दूर आणि एवढ्या खोल आपले कोळी बांधव सहसा जाळे टाकत नाहीत.

या जातीचे शास्त्रीय वर्णन १८९० मध्ये आल्फ्रेड अल्कॉक यांनी केले. ते लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते आणि 'इन्व्हेस्टिगेटर' या सागरी मोजणीच्या जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. त्यांनी वर्णिलेले मासे बंगालच्या उपसागरातले होते. पण हे जहाज १८८१ साली बांधले गेले ते आपल्या मुंबईच्या गोदीत!

समुद्राचा खोटा तळ

समुद्राची खोली मोजण्यासाठी जहाजातून खाली ध्वनिलहरी सोडतात. तळावर आपटून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली काढता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्या शोधण्यासाठी अशी यंत्रे फार वापरली गेली. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. समुद्र काही हजार मीटर खोल असला, तरी काही शे मीटरवरूनच प्रतिध्वनी येई. जणू तेथे दुसराच तळ असावा! आणि हा 'तळ' रात्री चक्क वर सरके.

अमेरिकेतील मार्टिन जॉन्सन यांनी १९४५ मध्ये याचा उलगडा केला. दिवसा खाली आणि रात्री वर जाणारा हा थर सजीवांचाच असला पाहिजे, असे त्यांनी दाखवले. पुढे जाळी टाकून पाहिल्यावर त्या थरात कोळंबीसारखे प्राणी, माकूळ आणि फार मोठ्या प्रमाणात कंदीलमासे मिळाले.

एवढ्याशा माशांवरून ध्वनी परत फिरतो तरी कसा? अनेक कंदीलमाशांच्या पोटात वाताशय नावाची वायूने भरलेली पिशवी असते. तिच्यामुळे मासा पाण्यात तरंगून राहू शकतो. ध्वनिलहरी पाण्यातून वायूत शिरताना जोराने परावर्तित होतात, म्हणून प्रत्येक पिशवी एकेका लहानशा भिंतीसारखी वागते.

थोडे गणित

समजा, ४ सेंटिमीटर लांबीचा मासा २५० मीटर वर चढतो. २५० मीटर म्हणजे २५,००० सेंटिमीटर. त्याला ४ ने भागले, की ६,२५० येतात. म्हणजे तो स्वतःच्या लांबीच्या ६,२५० पट अंतर पोहतो. तुमची उंची १६० सेंटिमीटर असेल, तर तुमच्या मापाने हे अंतर बरोबर १० किलोमीटर होते. उल्हासनगर ते बदलापूर रेल्वेचे अंतर एवढेच आहे! आणि तेवढेच पुन्हा पहाटे. हा प्रवास दीड तासात व्हायचा असेल, तर माशाला दर सेकंदाला सुमारे साडेचार सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीहून थोडे जास्त, पुढे सरकावे लागेल.

नुसते अंतरच नव्हे, दाबही बदलतो. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावरचे एक वातावरण धरून २५० मीटर खोलीवर एकूण दाब २६ वातावरणे होतो, तर १० मीटरवर तो फक्त २ असतो. म्हणजे वर येताना दाब तेरा पटींनी कमी होतो. वाताशयातला वायू तेरा पट फुगला, तर मासा फुग्यासारखा वर फेकला जाईल! म्हणून जादा वायू रक्तात शोषून घेणे आणि खाली जाताना तो पुन्हा भरणे, हे काम त्याला दररोज करावे लागते. काही जातींनी वेगळा मार्ग काढला आहे. त्यांच्या प्रौढ माशांत वाताशयाची जागा चरबीने घेतलेली असते. चरबी पाण्याहून हलकी असते आणि दाबाने फारशी आकसत नाही.

हा खटाटोप कशासाठी?

समुद्रातले अन्न सूर्यप्रकाशापासून तयार होते. सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, वरच्या उजेडाच्या थरात वाढतात. त्यांच्यावर तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान कवचधारी प्राणी जगतात. हेच कंदीलमाशाचे खाणे. म्हणजे त्याचे ताट वर वाढलेले असते. पण दिवसा वर राहावे, तर उजेडात कुपा, गेदर, डॉल्फिन आणि पक्षी यांच्या नजरेस पडण्याची भीती. म्हणून दिवसा खालच्या अंधारात लपायचे आणि काळोख पडला की वर येऊन जेवायचे, असा त्याचा क्रम आहे.

शरीराची रचना

खालच्या संधिप्रकाशात राहणाऱ्या या माशाचे शरीर पाहा. डोके बोथट आणि तोंड मोठे, डोळ्याच्या मागेपर्यंत फाकणारे असते. खवले पातळ असून जाळ्यात घासले की सहज गळून पडतात. पाठीवरचा पर आणि शेपूट यांच्यामध्ये, काटे नसलेला, एक लहानसा मांसल पर असतो. त्याला मेदपर म्हणतात.

हा मेदपर पाहण्यासाठी तुम्हाला समुद्रात जायला नको. बाजारातून आणलेला ताजा बोंबील नीट न्याहाळा. त्याच्याही पाठीवर शेपटीच्या बाजूला असाच छोटा पर दिसेल. बोंबील आणि कंदीलमासा हे दूरचे नातलग आहेत. जुन्या वर्गीकरणात ते एकाच गणात ठेवले जात असत.

डोळे तर शरीराच्या मानाने फारच मोठे असतात. आपल्या डोळ्यातील दृक्पटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी रंग ओळखतात आणि शलाकेसारख्या पेशी मंद उजेड टिपतात. कंदीलमाशांच्या डोळ्यांत जवळजवळ सर्व पेशी शलाकांच्याच असतात. रंग ओळखण्यापेक्षा अंधूक प्रकाशाचा कणन्‌कण पकडणे त्यांना अधिक गरजेचे आहे.

पोटावरचे दिवे

आता ज्यावरून नाव पडले त्या कंदिलांकडे वळू. माशाच्या पोटावर आणि बाजूंवर मण्यांसारखे बारीक ठिपके ओळीने बसवलेले असतात. ही त्याची प्रकाश-इंद्रिये. प्रत्येक इंद्रियात प्रकाश निर्माण करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या मागे आरशासारखा चकचकीत पडदा असतो आणि पुढे बदललेला खवला भिंगासारखे काम करतो. सायकलच्या दिव्याचीच ही रचना : बल्ब, परावर्तक आणि काच!

प्रकाश येतो तो रासायनिक क्रियेतून. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो, आणि ल्युसिफरेज हे एन्झाइम ती क्रिया घडवून आणते. अंबरनाथच्या विम्को कारखान्यात एके काळी आगपेट्या होत असत. त्यातली काडी ओढली की उजेडापेक्षा उष्णताच अधिक मिळते. कंदीलमाशाचा निळसर प्रकाश मात्र थंड असतो. काजव्याच्या प्रकाशासारखीच ही जीवदीप्ती आहे.

पण लपून राहणाऱ्या माशाने दिवे लावावेत, हे उलटेच नाही का? विचार करा. खालून वर पाहणाऱ्या शत्रूला माशाचे पोट वरच्या फिकट उजेडावर काळ्या सावलीसारखे दिसते. मासा पोटावरचे दिवे वरून येणाऱ्या उजेडाइतकेच मंद पेटवतो आणि त्याची सावली पुसली जाते. दिवा येथे दिसण्यासाठी नसून न दिसण्यासाठी आहे. शिवाय ठिपक्यांची मांडणी प्रत्येक जातीत निराळी असते. माशांची जात ठरवताना शास्त्रज्ञ हे ठिपकेच मोजतात, आणि मासेही एकमेकांना त्यांवरून ओळखत असावेत.

बेंथोसेमा टेरोटमचे आयुष्य साधारण वर्षाच्या आतच संपते. वय कळते ते कानातल्या खड्यावरून, म्हणजे कर्णाश्मावरून. त्यावर दररोज एक सूक्ष्म वलय चढते. सूक्ष्मदर्शकाखाली ही वलये मोजली, की माशाचे वय दिवसांत सांगता येते. ढोम्याच्या डोक्यात असे दोन पांढरे खडे चांगले मोठे असतात; आईला मासे साफ करताना विचारून ते जरूर पाहा.

श्वास कोंडणारे पाणी

आतापर्यंत तुम्हाला वाटले असेल की खाली लपले म्हणजे सारे सोपे झाले. तसे नाही. या निवाऱ्याचे भाडे फार जबर आहे, आणि ते प्राणवायूच्या रूपाने द्यावे लागते.

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावरील एक लिटर पाण्यात तो जेमतेम ६ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. मासे कल्ल्यांनी एवढ्यावरच भागवतात. पण अरबी समुद्रात सुमारे १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत एक असा जाड थर आहे, की ज्यात प्राणवायू फारच थोडा उरतो. काही ठिकाणी तो पृष्ठभागाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. बदलापूरहून जी माथेरानची डोंगररांग दिसते, तिचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. साधारण तेवढ्याच जाडीचा हा थर आहे असे समजा.

हा थर कसा तयार होतो? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे क्षारयुक्त पाणी वर येते, क्षारांमुळे वनस्पतिप्लवक भरभरून वाढतात. मेलेले प्लवक आणि प्राण्यांची विष्ठा खाली झिरपत जाते. जीवाणू हे सारे कुजवतात आणि ते करताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. हिंदी महासागर उत्तरेला आशिया खंडाने बंद केलेला असल्याने तिकडून ताजे, थंड पाणी येऊ शकत नाही. खर्च मोठा आणि भरणा थोडा, अशी ही स्थिती. प्राणवायू संपला की काही जीवाणू पाण्यातले नायट्रेट वापरू लागतात आणि त्यातून नायट्रोजन वायू सुटतो.

अशा पाण्यात कंदीलमासे दिवस काढतात! तेथील पाणी पृष्ठभागापेक्षा बरेच थंड असते, त्यामुळे शरीराची प्राणवायूची गरज घटते. शिवाय ते हालचाल अगदी कमी करतात. संशोधक पाणबुडीतून खाली गेले, तेव्हा काही कंदीलमासे दिवसा पाण्यात निश्चल, उभे लोंबकळत असलेले त्यांना दिसले. रात्री वर आले की पोटभर खाणे आणि मोकळा श्वास, दोन्ही मिळतात. मोठ्या, चपळ शिकारी माशांना मात्र प्राणवायू अधिक लागतो, म्हणून ते या थरात फार वेळ थांबू शकत नाहीत. जे पाणी इतरांचा श्वास कोंडते, तेच या चिमुकल्याचे संरक्षण करते.

त्याच्या येजेचा उपयोग आपल्यालाही होतो. वर खाल्लेले अन्न तो खाली नेऊन पचवतो आणि विष्ठा तेथे टाकतो. अशा रीतीने हवेतून समुद्रात आलेला काही कार्बन खोल पाण्यात पोहोचतो. कंदीलमाशांच्या प्रचंड साठ्याचे अंदाज १९७० नंतरच्या पाहण्यांत केले गेले आणि त्यांच्यापासून कोंबड्यांचे व माशांचे खाद्य करावे, अशाही योजना पुढे आल्या. हा मासा पकडताना त्याचे हे काम विसरून चालणार नाही.

नदीपासून समुद्रापर्यंत

आता पुन्हा आपल्या गावाकडे या. अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात इसवी सन १०६० चा काळ येतो, ते वालधुनी नदीच्या काठी आहे. ही नदी पुढे उल्हासनगरमधून वाहत कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उल्हास बदलापूरवरून येते आणि शेवटी वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. म्हणजे तुमच्या गावचे पाणी शेवटी याच समुद्राचे पाणी होते.

वालधुनीत कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले आहे. सांडपाण्यातली घाण कुजवताना जीवाणू समुद्रातल्याप्रमाणेच प्राणवायू वापरतात. रसायनशास्त्र तेच, फरक एवढाच की समुद्रातला थर निसर्गाने फार दीर्घ काळात घडवला आणि कंदीलमाशाला त्याच्याशी जुळवून घ्यायला अवधी मिळाला. शिवाय रात्री वर जाण्याची वाट त्याला मोकळी आहे. नदीतल्या माशाला ना तेवढा अवधी मिळतो, ना वर जायला दुसरा मजला असतो.

समुद्रातही सारे पूर्वीसारखे राहिलेले नाही. जगातील महासागरांतला एकूण प्राणवायू १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत सुमारे २ टक्क्यांनी घटल्याचे आढळले आहे. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो, हे त्याचे एक कारण. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ मध्ये झाली. तेथील डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही प्राणवायू फार कमी होतो. जमिनीवरून वाहत येणारी खते आणि सांडपाणी ही अवस्था आणखी बिघडवू शकतात, असा इशाराही त्यांनी दिला.

करून पाहा

१. पांढऱ्या पुठ्ठ्याचा मासा कापून खिडकीतल्या उजळ आकाशासमोर धरा. (सूर्याकडे पाहू नका.) पांढरा असूनही तो काळा दिसेल. आता त्याला बरीच भोके पाडून त्यांवर पातळ कागद चिकटवा आणि चार-पाच मीटरवरून पाहा. कडा अस्पष्ट झाल्या का?

२. शिक्षकांच्या देखरेखीखाली परीक्षानळीत न तापवलेले दूध घ्या. त्यात मिथिलीन ब्लूच्या विरल द्रावणाचे थोडे थेंब टाकून हलवा आणि नळी कोमट पाण्यात स्थिर ठेवा. काही तासांनी निळा रंग जाईल. फक्त हवेला लागून असलेला वरचा थर निळा राहील. जीवाणूंनी दुधातला प्राणवायू संपवला की हा रंग उडतो. नळी हलवून हवा मिसळली, तर निळा रंग पुन्हा दिसू लागेल. अरबी समुद्राची एक लहान प्रतिकृतीच तुमच्या हातात आहे! (हे दूध पिऊ नका.)

आज संध्याकाळी मुंबईहून येणारी गाडी बदलापूरला रिकामी होत असेल, त्याच सुमारास दूर समुद्रात असंख्य बारीक दिवे अंधारातून वर चढू लागलेले असतील. त्यांची वाट फार लांब आहे. त्या वाटेवरचा श्वास तरी आपण कमी करू नये.